धावपटूचा शिधा

अमेरिकेतलं कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा दीड हजार फूट वर. हवा विरळ, त्यामुळे तिथे महिनोन्‌महिने पळणाऱ्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद वाढते. स्कॉट सिमन्स हे प्रशिक्षक तिथे लांब पल्ल्याच्या धावपटूंचा गट चालवतात. या गटातून पळालेली काही नावं अशी: पॉल चेलिमो, शाद्रॅक किपचिरचिर, लिओनार्ड कोरिर, हिलरी बोर. चौघांचाही जन्म केनियातला. चौघेही अमेरिकेतल्या कॉलेजांकडून पळाले आणि चौघेही पुढे अमेरिकन लष्करात भरती झाले. याच सिमन्स यांच्याकडे २०२२ पासून सरावाला जाऊ लागला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटचा जवान.

म्हणजे एकाच ट्रॅकवर दोन देशांचे फौजी. एकाला फौजेपर्यंत कॉलेजने नेलं, दुसऱ्याला फौजेने अमेरिकेपर्यंत. वाटा उलट्या असल्या तरी दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. पळणाऱ्याला पोसायचं कोणी?

पळायला काही लागत नाही, दोन पाय पुरेत, असं ज्यांनी कधी पोर पळवलेलं नाही ते म्हणतात. लांब पल्ल्याचा धावपटू पिकायला आठ-दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात त्याला रोज दोन वेळचा सराव, दोन वेळचं भरपेट आणि चांगलं जेवण, दुपारची झोप, दर काही महिन्यांनी नवे बूट आणि डोक्यावर एक जाणता माणूस लागतो. शेतावर राबून उरलेल्या वेळात हे होत नाही. आणि जगभर बघावं तर हा धावपटू बहुतेक वेळा नेमका अशाच घरात जन्मतो, जिथे पंचवीस वर्षांचा मुलगा कमवत नाही ही चैन परवडत नाही.

केनियाने यावर पहिलं उत्तर काढलं ते घरातच. पोलीस, लष्कर, तुरुंग खातं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा किपचोगे केनो पोलिसात होता. इंग्रजी अमदानीत वाढलेल्या देशांत खेळाडू गणवेशात सापडतो यात नवल नाही. आपल्याकडेही तेच झालं. दुसरं उत्तर मात्र समुद्रापलीकडून आलं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९५९ मध्ये, कामगार नेते टॉम म्बोया यांनी केनियाच्या मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवण्याची मोहीम उघडली. पहिल्या विमानातून ८१ विद्यार्थी गेले. पैसे उभे करणाऱ्यांत बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन होते, गायक हॅरी बेलाफोंटे होते. ही मुलं शिकायला गेली होती, पळायला नव्हे. पण केनियन विद्यार्थी आणि अमेरिकन कॉलेज यांची सोयरीक जुळली ती तेव्हा, आणि दहा-पंधरा वर्षांतच तिथल्या प्रशिक्षकांच्या लक्षात आलं की या डोंगराळ मुलखात आपल्याला हवं ते पीक येतं.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा पोटापाण्याचा व्यवहार आहे, हे आपल्याकडे चटकन पचत नाही. तिथे विद्यापीठ खेळाडूची फी भरतं, राहायला खोली देतं, जेवण देतं, डॉक्टर देतं. बदल्यात मुलाने हिवाळ्याआधी क्रॉस-कंट्री, हिवाळ्यात बंदिस्त ट्रॅकवर आणि वसंतात मोकळ्या मैदानावर विद्यापीठासाठी पळायचं. वर्षातले तीन हंगाम. कामगिरी खालावली तर पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती धोक्यात, असा हा व्यवहार दीर्घकाळ होता.

या व्यवहारातून निघालेलं सगळ्यात तेजस्वी आणि सगळ्यात दुखरं नाव हेन्री रोनो. नंदी टेकड्यांतला, केनियन लष्करातून आलेला. १९७६ मध्ये तो वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत, पुलमन नावाच्या गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या गावात, जॉन चॅप्लिन यांच्या हाताखाली दाखल झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कॉलेज क्रॉस-कंट्री जिंकला. १९७८ च्या एप्रिलमध्ये बर्कलीत त्याने ५,००० मीटरचा विश्वविक्रम मोडला, मे महिन्यात सिएटलला ३,००० मीटर स्टीपलचेसचा, जूनमध्ये व्हिएन्नात १०,००० मीटरचा आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ऑस्लोत ३,००० मीटरचा. चार विश्वविक्रम, ८१ दिवस. असं आधी कोणी केलं नव्हतं आणि नंतरही कोणी केलेलं नाही.

पण ऑलिंपिकमध्ये तो एकदाही पळाला नाही. १९७६ आणि १९८० या दोन्ही वेळा केनियाने बहिष्कार घातला. दारू लागली, पैसा गेला, आणि ज्याच्या नावावर एकाच वेळी चार विश्वविक्रम होते तो माणूस अमेरिकेत गाड्या धुण्याची, विमानतळावर सामान उचलण्याची कामं करत राहिला. उतारवयात तो मायदेशी परतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथेच वारला. त्याच काळातला माइक बोइट मात्र १९७२ च्या म्युनिकमध्ये ८०० मीटरचं कांस्य घेऊन अमेरिकन विद्यापीठांत शिकला, डॉक्टरेट केली, परत जाऊन केनियाचा क्रीडा आयुक्त आणि प्राध्यापक झाला. कॉलेजने दोघांना सारखंच दिलं होतं. एकाने पदवी घेतली, दुसऱ्याकडून विक्रम घेतले गेले.

अमेरिकेत याबद्दल कुरकुर झालीच. टेक्सासच्या एल पासो इथल्या विद्यापीठाने १९७५ ते १९८१ या सात वर्षांत सहा वेळा राष्ट्रीय क्रॉस-कंट्री विजेतेपद नेलं, ते मुख्यतः आफ्रिकन मुलांच्या जोरावर. वयाने मोठे, घोटीव परदेशी धावपटू आणून आमच्या अठरा वर्षांच्या पोरांपुढे उभे करता, ही तक्रार होती. वयाच्या अटी त्यातून कडक झाल्या. तरी ओघ आटला नाही. टेक्सास टेककडून नऊ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारी सॅली किपयेगो पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरची रौप्यपदकविजेती झाली. ओरेगनकडून पळालेल्या एडवर्ड चेसेरेकने २०१७ पर्यंत तब्बल सतरा विजेतेपदं जमवली. पदवीनंतर काय, याचं उत्तर चेलिमो-बोर मंडळींना अमेरिकन लष्करात मिळालं. लष्कराची एक योजना होती: कामाच्या परदेशी भाषा येणाऱ्या, वैध मार्गाने देशात आलेल्या लोकांना भरती करायचं आणि नागरिकत्व लवकर द्यायचं. त्या भाषांत स्वाहिली होती. चेलिमो त्या वाटेने फौजेत गेला, फौजेच्या खेळाडूंच्या तुकडीत दाखल झाला आणि २०१६ च्या रिओत अमेरिकेसाठी ५,००० मीटरचं रौप्य घेऊन आला.

आता इकडे वळू.

मराठी मुलखात या प्रश्नाला पहिला हात घातला तो एका पारशी उद्योगपतीने, आणि तोही पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६ चा. त्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमाराच्या स्पर्धांत पाहिलं की लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे स्पर्धक शेतकरी आहेत, अनवाणी पळताहेत, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाताहेत. मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांच्याशी बोलणं झालं आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा भारतीय चमू निघाला. खर्चाचा मोठा वाटा टाटांनी उचलला. त्या सहांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे. गडी जिथून आला, ते रस्ते आठवले तर हा क्रमांक छोटा नाही.

टाटांनी बोटीचं भाडं दिलं. पुढच्या दहा वर्षांची भाकरी मात्र एका धनिकाच्या दानतीवर कशी चालणार? संस्थानिकांनी पैलवानांसाठी तालमी बांधल्या, खुराक दिला, दूध-तूप-बदाम दिले. कोल्हापूरची कुस्ती त्या खुराकावर उभी राहिली. पण आखाड्यात बसून बघता येणारी कुस्ती आणि डोंगरामागे नाहीसा होणारा धावपटू यांत राजाला काय आवडणार हे उघड आहे. धावपटूला राजाश्रय मिळाला नाही. आणि कॉलेज? कॉलेजने दिली ती हजेरीत सवलत, प्रवासभत्ता आणि ट्रॅकसूट. आंतरविद्यापीठ स्पर्धा दरवर्षी होतात, मुलं पदकं आणतात, फोटो सूचनाफलकावर लागतो, आणि मे महिन्यात ती मुलं गावी जातात. आपल्या विद्यापीठांनी खेळाडूला विद्यार्थी म्हणून सांभाळून घेतलं. खेळाडू म्हणून पोसणं हे आपलं काम आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

ती जागा नोकरीने घेतली. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, फौज. ठाण्याजवळच्या कळवा-खारेगाव-विटाव्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण हा कबड्डीचा पट्टा. व्यावसायिक गटाच्या स्पर्धेला मैदानात उतरणाऱ्या संघांची नावंच मध्य रेल्वे, महिंद्र, भारत पेट्रोलियम. इथला बचावपटू पोरगा डाव्या कोपऱ्यात खेळतो की उजव्या, याइतकीच चर्चा तो ‘लागला’ का याची होते. शेजारी रेल्वेचं कळवा कारशेड, घराघरात कोणीतरी रेल्वेत. खेळाडू कोट्यातल्या जागेची जाहिरात आली की बातमी आधी इथे पोचते. राज्य सरकारनेही २००५ पासून नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण दिलं. त्याची दुसरी बाजूही यथावकाश दिसली: कधी न खेळलेल्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं घेऊन लोक नोकरीला लागले आणि चौकशा झाल्या.

कोट्यात आणि अमेरिकन शिष्यवृत्तीत फरक मोठा आहे. शिष्यवृत्ती दीर्घकाळ दरवर्षी पुन्हा कमवावी लागत होती. कोट्यातली नोकरी एकदा लागली की लागली. घरासाठी कोटा केव्हाही बरा. शर्यतीसाठी? तेविसाव्या वर्षी कायम झालेला धावपटू सव्विसाव्या वर्षी आंतर-रेल्वे स्पर्धेपुरता पळतो, अशी उदाहरणं कोणत्याही जुन्या प्रशिक्षकाला विचारा. दोष त्याचा नाही. ज्यासाठी तो पळत होता ते त्याला मिळालेलं असतं.

मुलींची गोष्ट थोडी वेगळी. फौजेची शिडी दीर्घकाळ फक्त मुलांसाठी होती. नाशिकमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर जे उभं केलं त्याची किंमत म्हणूनच अधिक. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत तिथली. अनवाणी पळता येतं, साहित्य लागत नाही, म्हणून तिने हा खेळ धरला. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ती तिसरी आली. पुढच्या दोघी केनियाच्या. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. महिन्याभराने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिला ओएनजीसीत नोकरी मिळाली. त्याच मैदानावरची संजीवनी जाधव २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य घेऊन आली. आपल्या विद्यापीठांच्या खात्यावर जमा असलेलं हे मोठं पदक. घडवलं मात्र क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षकाने.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खोतून धावण्यात आली, रेल्वेत लागली आणि २०१४ मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात विजयाची हॅटट्रिक पूर्ण केली. मग तिने एक धाडस केलं. मॅरेथॉनमध्ये बक्षीस होतं, नाव होतं. ती ते सोडून परदेशी प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे स्टीपलचेसला वळली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा. फेऱ्या साडेसातच, पण प्रत्येक फेरीत पाय भिजतो आणि लय तुटते. २०१५ मध्ये ती आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओत प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला. राज्य सरकारने तिला पुढे उपजिल्हाधिकारीपद दिलं. कविताने मात्र, इतरांना थेट वर्ग एकची पदं मिळाली तशी आपल्याला का नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. पदकानंतर खेळाडूला काय मिळावं याचा ठरलेला हिशेब नसला की असे प्रश्न उभे राहणारच. अमेरिकेत तो हिशेब निष्ठुर असतो, पण आधी कागदावर असतो.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासूनची. जानेवारीतल्या त्या रविवारी कल्याणहून पहाटे तीनच्या सुमाराला खास लोकल सुटते, आणि कळव्याच्या फलाटावर छातीला क्रमांक लावलेली, हातात केळी घेतलेली मंडळी तिची वाट बघतात. त्यांच्या पुढे, टीव्हीच्या पडद्यावर, केनिया-इथिओपियाचे धावपटू असतात; डॉलरमधलं बक्षीस त्यांचं, रुपयातलं भारतीयांचं. गेली वीस वर्षं आपण केनियन धावपटू पाहिला तो असा, पुढे निघून गेलेला. केनियाच्या धावण्यामागे पुलमन, एल पासो, ओरेगन अशीही नावं उभी आहेत, हे त्या गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही.

त्या निघून गेलेल्या पाठीशी पहिल्यांदा भिडला तो साबळे. बारावीनंतर तो ५ महारमध्ये भरती झाला. घराला आधार हवा होता. ऑलिंपिकचं नाव तोवर मनात नव्हतं. २०१३-१४ मध्ये सियाचीन, मग राजस्थान, मग सिक्कीम. २०१५ मध्ये तो फौजेच्या क्रॉस-कंट्रीत पळाला, आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला पुढे स्टीपलचेसला लावलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंद नोंदवले आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. मधल्या काळात तो स्नेसारेव्ह यांच्याकडेही जाऊन आला. पटलं नाही, परत अमरीश कुमारांकडे आला. एका शिपाई गड्याने परदेशी प्रशिक्षकाला नाही म्हणणं ही आपल्याकडे छोटी गोष्ट नव्हती.

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुलात पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाकडेच गेली होती. शेवटच्या वळणावर अब्राहम किबिवोट पुढे, साबळे बाहेरच्या अंगाने त्याच्या खांद्याला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. तिसरा आमोस सेरेम, केनियाचाच. त्याआधीच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन हुआन कॅपिस्ट्रानोमध्ये साबळेने ५,००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता. सिमन्स यांच्याकडचा तो त्याचा पहिला मोठा हंगाम. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि ५,००० मीटरचं रौप्य, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि महिनाभराने त्याच शहरात ऑलिंपिक अंतिम फेरीत अकरावा. सहा वर्षांत वीस सेकंद कमी झाले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली.

अमेरिकन कॉलेजची वाट भारतीयांना आता नवी राहिलेली नाही. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. हरियाणातल्या मेवातचा परवेज खान फ्लोरिडा विद्यापीठाकडून २०२४ मध्ये आपल्या विभागाचा १५०० मीटरचा विजेता ठरला. माण-खटाव किंवा त्र्यंबकेश्वरच्या मुलाला मात्र ती वाट अजून दूरची आहे: इंग्रजी परीक्षा, बारावीचे गुण, व्हिसा, आणि प्रशिक्षकांना पाठवायच्या ईमेल. पायांत बळ असलं तरी हे सगळं कोणी भरून द्यायला हवं.

त्याच्यासमोर असते ती भरती. पहाटे खारेगावच्या नव्वद फुटी रस्त्यावर घड्याळ लावून पळणाऱ्या मुलांना कोणी ऑलिंपिकबद्दल विचारत नाही. सोळाशे मीटर किती वेळात निघतात, एवढं विचारतात. खाडीपलीकडे साकेतच्या मैदानावर ठाणे शहर पोलिसांची भरती होते तेव्हा हीच मुलं तिथे असतात. फौजेचीही मैदानी परीक्षा सोळाशे मीटरचीच. साबळे याच दारातून आत गेला होता. पण २०२२ पासून साधी सैन्यभरती अग्निपथ योजनेतून होते. मुदत चार वर्षांची, आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम. नावाजलेल्या खेळाडूंची थेट भरती वेगळी चालू आहे. साबळे भरती झाला तेव्हा नावाजलेला नव्हता. त्याच्या हाती पदक नव्हतं की प्रमाणपत्र. तो पळू शकतो हे फौजेला कळायला तीन वर्षं लागली, आणि त्यानंतर पहिला राष्ट्रीय विक्रम यायला आणखी तीन.